श्री गाडगे महाराज आणि रुग्णालयाच्या दारची धर्मशाळा

वारकरी मायबापहो, गाडगेबाबांचे चरित्र आम्ही आपणांस नव्याने ते काय सांगावे? बाबांचा खराटा आपणांस ठाऊक आहे, डोईवरचे गाडगे ठाऊक आहे, चिंध्यांची गोधडी ठाऊक आहे. पंढरीच्या वाटेवर ज्यांचे पाय झिजले त्यांना बाबांच्या धर्मशाळाही ठाऊक आहेत. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, जेथे यात्रा तेथे धर्मशाळा, हे आपण जाणतोच. परंतु बाबांच्या धर्मशाळांपैकी एक अशी आहे की तिच्यापुढे नदी नाही, घाट नाही, कळस नाही आणि एकादशीचा बाजारही नाही. ती मुंबईस, जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी, बाबांनी १९५४ साली उभी करविली. आमच्या कीर्तनकार मंडळींच्या आख्यानात ती क्वचितच येते. पंढरपूरची येते, कारण तिथे पांडुरंग आहे. म्हणून आज आम्ही या एकाच धर्मशाळेच्या दिशेने चरित्र सांगत जाणार. वाटेत काही प्रसंग सुटतील. ते आपण पदरचे भरून घ्यावेत.

आधी थोडे पाठशाळेचे. आम्ही पोरवयात गुरुजींपाशी शास्त्र शिकलो तेव्हा चरकसंहितेतला एक छोटा अध्यायही आमच्याकडून घोकून घेतला होता. चिकित्सेचे पाय चार, असे चरकमुनी तिथे सांगतात. एक वैद्य, दुसरे औषध, तिसरा रोग्याची शुश्रूषा करणारा परिचारक आणि चौथा स्वतः रोगी. त्या परिचारकाच्या अंगी कोणते गुण असावेत तेही सांगितले आहे. त्याला शुश्रूषा कळावी, तो हुशार असावा, स्वच्छ असावा आणि रोग्यावर त्याचे प्रेम असावे. हे शेवटचे फार महत्त्वाचे. पुढे हेमाद्रीपंडिताचा दानखंड वाचला. हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्यानेही पुराणांच्या आधारे आरोग्यशाळेच्या दानाची थोरवी गायिली आहे. आम्ही दोन्ही पाठ केले, परीक्षा दिली, गुरुजींनी पाठ थोपटली, झालं! तिसरा पाय म्हणजे नेमके काय, हे कळायला आम्हांला पुढे मुंबईचा फुटपाथ बघावा लागला. तो प्रसंग शेवटी येईल. गाडगेबाबा मात्र एक दिवसही पाठशाळेत गेले नाहीत आणि त्यांना तो पाय दिसला.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, जात परटाची. घरात अन्न असे, पण वडिलांना दारू लागली. व्यसनाने आधी घर गेले, मग देह गेला. १८८४ साली झिंगराजी वारले तेव्हा डेबूजी आठ वर्षांचा होता. आई पोराला घेऊन दापुऱ्यास भावाकडे आली. मामाकडे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, नदीत म्हशी धुतल्या. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली, हेही त्याने डोळ्यांनी पाहिले. बाबांच्या कीर्तनात दारू आणि कर्ज यांवर जो आसूड चालत असे तो कुठल्या पोथीतून आलेला नव्हता. त्या दोन्हींनी त्यांचे घर खाल्ले होते.

१८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची, ती डेबूजीने दिली नाही. गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. वय अठ्ठावीस. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हाती काठी आणि मातीचे गाडगे. लोक त्या गाडग्यावरून नाव पाडते झाले. बारा वर्षे असे फिरले. गावात शिरले की आधी खराटा घ्यायचा, रस्ता झाडायचा, गटार उपसायचे आणि रात्री त्या झाडलेल्या जागी कीर्तन. दिवसा ज्याला वेडा म्हणून हाकलले त्याच्याच कीर्तनाला रात्री गाव लोटायचे.

त्या कीर्तनाची पद्धत आमच्यासारख्यांहून निराळी. पूर्वरंग-उत्तररंग असले काही नाही. श्रोत्यांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि मग त्या उत्तरात त्यांनाच पकडायचे. घरात पोर तापाने फणफणले असता बाप भगताकडे कोंबडे घेऊन धावतो, त्याची बाबांनी किती थट्टा केली असेल त्याला गणती नाही. नवस बोलू नका, बोकड कापू नका, डॉक्टरकडे जा, हे ते वारंवार बजावीत. त्यांच्या नावाने जो दहा कलमी संदेश आज गावोगावच्या भिंतींवर रंगविलेला दिसतो त्यातही भुकेल्याच्या अन्नानंतर, नागड्याच्या वस्त्रानंतर आणि पोरांच्या शाळेनंतर आंधळ्या-पांगळ्यांच्या व रोग्यांच्या औषधपाण्याचे कलम आहे.

इथे एक अडचण उत्पन्न होते. लोकांना डॉक्टरकडे जा म्हणून सांगणे सोपे. गेल्यावर काय?

आता बाबांच्या धर्मशाळा कशा झाल्या ते पाहा. आधी ऋणमोचनास पूर्णा नदीवर घाट झाला, कारण यात्रेला आलेली माणसे चिखलात घसरून पडत. पुढे १९१७ च्या सुमारास पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळेचे काम निघाले. का? तर महार बांधव वारीला येत आणि त्यांना टेकायला जागा नसे. देव त्यांचा, वारी त्यांची, अभंगही त्यांच्या चोखोबांचे, पण पाठ टेकायला वाळवंट. आम्ही जन्माने उच्चवर्णीय कीर्तनकारांच्या घरातले. आमच्या वाडवडिलांना हे दिसत नव्हते असे नाही. दिसत होते आणि चालत होते. बाबांना ते चालले नाही. त्यांची धर्मशाळा नेहमी अशा ठिकाणी उठली जिथे गरीब माणूस मोठ्या आशेने येऊन पोचतो आणि पोचल्यावर त्याला कळते की आत जागा आहे पण बाहेर नाही.

मुंबई तर अशा जागांचे माहेरघर. बाबा मुंबईत वारंवार येत. गिरणगावात, चाळींच्या पटांगणांत त्यांची कीर्तने होत. त्या काळच्या गिरणी कामगाराचे बिऱ्हाड कसे असे, हे जुन्या मंडळींना विचारावे. कोकणातून, घाटावरून एकटा गडी यायचा. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस जणांचा गाळा, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. बायको-पोरे गावाकडे. असा गडी आजारी पडला म्हणजे रुग्णालयात खाट मिळे. जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचे, सर जमशेटजी जीजीभाईंच्या दानातून उभे राहिलेले, गरिबासाठीच. परळचे के. ई. एम. १९२६ चे. डॉक्टर नाणावलेले. चरकाच्या हिशेबाने पाहिले तर वैद्य आहे, औषध आहे, रोगी आहे. आता त्याची कारभारीण तार वाचून, कडेवर पोर घेऊन, बोटीने नाही तर आगगाडीने मुंबईत उतरते. ती कुठे राहणार? वीस बाप्यांच्या गाळ्यात? लांबच्या नात्याकडे पहिले दोन दिवस चहा मिळतो, तिसऱ्या दिवशी तोंडे वाकडी होतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याही घरात पाय पसरायला जागा नसते. मग ती बाई रुग्णालयाच्या भिंतीशी पथारी टाकते. तीन दगडांवर नवऱ्यासाठी पेज शिजवते. पावसाळा असला तर तेही नाही. पंधरा दिवसांत ती स्वतः तापाने पडते, पोर हगवणीने पडते, नवरा खाटेवरून ते पाहतो आणि अर्धवट बरा असताच घरी नेण्याचा हट्ट धरतो. औषध निम्म्यावर सुटते.

हे एका बाईचे नव्हे. रुग्णालयाच्या दाराशी अशी शेकडो माणसे बसून असत. रोज मोटारीतून जाणाऱ्यांना ती दिसत आणि मुंबईत गर्दी फार झाली एवढेच त्यांच्या मनात येई. पंढरीच्या वाळवंटात लोळणाऱ्या माणसांत आणि या माणसांत बाबांनी फरक केला नाही. या भिंतीशी बसलेल्यांना त्यांनी यात्रेकरूच मानले.

बाबा स्वतः आजारी पडले तेव्हाचा एक प्रसंग सांगितला जातो. १९४९ चा जुलै. बाबा मुंबईत आजारी होते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदेमंत्री, दिल्लीस निघायच्या घाईत. निरोप कळताच जाणे लांबणीवर टाकून ते दोन घोंगड्या घेऊन भेटीस आले. ज्यांनी आयुष्यभर कोणाकडून काही घेतले नाही त्या बाबांनी त्या घोंगड्या ठेवून घेतल्या, असे सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली तीही याच काळात. एक संन्यस्त वृत्तीचा अडाणी, एक महापंडित, आणि मध्ये दोन घोंगड्या. आजाऱ्याला भेटायला जाताना हाती काय न्यावे हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते, एवढेच आम्ही यातून घेतो. बाकी पुष्कळ लोक पुष्कळ काही काढतात.

८ फेब्रुवारी १९५२ ला श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि सगळ्या संस्था एका शिस्तीखाली आल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५४ त, जे. जे. ची धर्मशाळा.

पैसा कुठून आला हा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तो यावाच. बाबांची रीत अशी की कीर्तनात मागायचे, पण हाताने घ्यायचे नाही. देणाऱ्याने कारभाऱ्याकडे द्यायचे, पावती घ्यायची. हिशेब लिहिणारे निराळे, बांधकाम बघणारे निराळे. आपल्या कुटुंबातल्या कोणाला बाबांनी संस्थेच्या दौलतीचा वारस होऊ दिले नाही. कुंताबाईंनी आणि लेकींनी झोपडीत दिवस काढले. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि बाबा स्वतः त्यांच्या बाहेर, झाडाखाली नाही तर पडवीत निजत. १९२३ साली कोकणात खारेपाटणास कीर्तन चालू असता मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे आणि ती सांगताना आम्हांला दर वेळी अवघड जाते. कुंताबाईंचे काय झाले असेल, हा प्रश्न कीर्तनात कोणी विचारीत नाही. आम्ही एकदा विचारला होता. श्रोत्यांतल्या बायका रडल्या, पुरुष गप्प बसले.

परंतु ज्या माणसाने स्वतःचे घर असे उघड्यावर टाकले त्याने दुसऱ्यांच्या घरांसाठी जी बारीक काळजी केली ती पाहावी. रोग्याच्या सोबत्याला काय लागते? पाठ टेकायला जागा, पाणी, शौचकूप, अंघोळीची सोय, चार भांडी घासून दोन घास रांधायला कोपरा आणि रात्री बाईमाणसाला निर्धास्त निजता येईल असे दार. यातले एकही औषधाच्या यादीत नाही. म्हणून ते कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हते. डॉक्टर म्हणणार हे आमचे काम नव्हे, सरकार म्हणणार आम्ही खाटा दिल्या, दानशूर म्हणणार आम्ही देऊळ बांधतो. गावोगावची गटारे उपसणाऱ्या माणसाला मात्र सार्वजनिक जागी माणसाची पहिली अडचण कोणती होते, हे कोणी शिकवावे लागत नव्हते.

८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्यास बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आपण ते अवश्य ऐकावे. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न विचारणे थांबलेले नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच बाबांचा देह पडला. समाधी अमरावतीस आहे. त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.

बाबांच्या मागे मिशनने हे काम चालू ठेवले. मुंबईत दादरला जी गाडगे महाराज धर्मशाळा आहे तिथे परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेले रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. टाटा रुग्णालय १९४१ चे, देशभरातून लोक तिथे येतात. आता या रोगाची चिकित्सा कशी असते ते ध्यानात घ्या. किरणांचा उपचार रोज थोडा थोडा, आठवड्याचे पाच दिवस, असा पाच-सहा आठवडे चालतो. रोज अर्ध्या-पाऊण तासाचे काम. त्यासाठी खाट मिळत नाही आणि मिळण्याचे कारणही नाही. औषधाच्या सलाईनी द्यायच्या तर तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, महिनोन्‌महिने. म्हणजे रोग्याने शहरात राहायचे, पण रुग्णालयात नाही. तर मग कुठे? ज्याला त्या शहरात छप्पर नाही त्याला तो उपचार नाही, मग तो फुकट असला तरी. धर्मशाळा इथे औषधाइतकीच औषध होते.

सरकारी योजना आता पुष्कळ आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ त महाराष्ट्रभर झाली. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू करविली आहे. हे आम्ही अलीकडे प्रत्येक कीर्तनात सांगतो. काहींना ते आवडत नाही. कीर्तनात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला कशाला, असे एका यजमानांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हटले, बाबा असते तर त्यांनी तुमच्याकडून आधी दाखला काढवून घेतला असता आणि मग गोपाळाचे नाव घेतले असते. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हांला बोलाविले नाही. असो.

आता तो राहिलेला प्रसंग. आमचे धाकटे बंधू सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते. २००७ साली त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या भावजयीला, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी मुंबईस पाठविले. सोबत आम्ही गेलो, कारण शिकलेले माणूस सोबत असावे असे घरच्यांना वाटले. आमच्या शिक्षणाचा तिथे काडीचा उपयोग झाला नाही. कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे आम्हांला एका झाडूवालीने सांगितले. उपचार ठरला, सहा आठवड्यांचा. राहायला जागा नव्हती. लॉजचा दर विचारला आणि बाहेर आलो. पाच रात्री आम्ही तिघांनी फुटपाथवर काढल्या. आजूबाजूला बिहारची माणसे होती, बंगालची होती, आपल्या मराठवाड्याचीही होती. भावजय रात्री बाहेरच्या संडासासाठी रांगेत उभी राहायची, त्या आजारात, आणि आम्ही दीर तोंड फिरवून बसायचो. पाचव्या दिवशी ती म्हणाली की तिला घरी जायचे आहे. बंधूंनी काही न बोलता पिशवी भरली. आम्ही दानखंड पाठ असलेले शास्त्री. आम्हांलाही त्या क्षणी तेच बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाच्या बाईंनी आम्हांला पिशवीसकट पाहिले. त्यांनी चिठ्ठी दिली. दादरला गेलो, दोन दिवस थांबावे लागले, मग जागा मिळाली. पहिल्या रात्री भावजय कडी लावून दहा तास झोपली. उपचार पुरा झाला, एकही दिवस चुकला नाही.

ती पुढे सहा वर्षे होती. त्यांतली चार वर्षे आमच्या दिंडीत चालली, पाचव्या वर्षी एस. टी. ने आली. मुंबईहून निघताना नवी घेतलेली चटई आणि बादली तिने बरोबर आणली नव्हती. पैसे घालून घेतलेली वस्तू विसरलीस कशी, म्हणून बंधू गाडीत कुरकुरले. ती विसरली नव्हती. आमच्या मागून त्या खोलीत साताऱ्याकडची एक बाई येणार होती, तिच्यापाशी दोन्ही नव्हते.